लाइट इटॅलिकचा कामाचा दिवस

सकाळी ९.३०
दादरच्या स्टुडिओत आल्या आल्या फाइल उघडतो. सॅन्स-सेरिफ घराण्यातलं लाइट इटॅलिक, म्हणजे बारीक रेघेचं कलतं वळण, रोमन आणि देवनागरी दोन्ही लिप्यांत. उभं लाइट तयार आहे. त्याला १२ अंशांचा कल द्यायला सॉफ्टवेअरला एक क्षण पुरतो. त्या कलाने बिघडलेलं सावरण्यात माझा दिवस जातो.

१०.००
आधी रोमन ‘ओ’. कलल्यावर त्याची रेघ वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड होते, समोरासमोरच्या उरलेल्या दोन बाजूंना बारीक. बोल्डमध्ये हे खपून जातं. इथे रेघच जेमतेम ३० युनिटांची. तीन युनिटं इकडची तिकडे झाली तरी दहावा हिस्सा बदलतो. बिंदू सरकवत गोलाई पुन्हा बांधतो. मग ‘एस’चा फुगलेला मधला भाग.

११.३०
सहकारिणीशी वाद. लहान ‘ए’ दुमजली (a) ठेवायचा की एकमजली (ɑ)? एरिक गिलने गिल सॅन्सच्या इटॅलिकमध्ये हाताच्या वळणाचा एकमजली घेतला. आद्रियाँ फ्रुटिगरने १९५७च्या युनिव्हर्समध्ये उभी घडणच कलती ठेवली; त्यातल्या लाइट इटॅलिकचा क्रमांक ४६. चारचा आकडा जाडी सांगतो, सहाचा कल. आम्ही एकमजली ठरवतो. बारीक रेघेत नुसता कल पटकन जाणवत नाही, आकारही बदलायला हवा.

दुपारी १.४५
डबा संपवून देवनागरी. इथे शिरोरेषा अडून बसते: अक्षर कललं तरी ती आडवीच. काना मात्र कलताना किंचित बारीक होतो, म्हणून शिरोरेषा उगाच भारी दिसते. तिची जाडी थोडी उतरवतो. वरच्या मात्रा आणि रफार उजवीकडे झुकतात, उकार डावीकडे. ‘र्की’सारखी जोडी शेजारच्या अक्षराला भिडते का, एकेक तपासतो.

४.००
प्रूफ. मजकूर सह्याद्रीतल्या झाडांचा, कारण फॉन्टचं पहिलं काम तेच. मराठी नाव उभ्या रेग्युलरमध्ये, शेजारी शास्त्रीय नाव इटॅलिकमध्ये. आंब्याच्या पुढे ‘मँजिफेरा इंडिका’ रोमन लिपीत. उभ्या अक्षरांच्या ओळीत ते वेगळं कळतं आणि आवाजही चढवत नाही. चित्राखालच्या ओळींतही छान बसतं. पण खडबडीत कागदावर सात पॉइंटला रेघा तुटतात, आणि काळ्या पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांत शाई पसरून त्या बुजतात.

६.००
प्रकाशकासाठी वापराची टीप लिहितो: शास्त्रीय नावं, चित्रओळी, छोटी अवतरणं यांपुरतंच वापरा. सबंध परिच्छेद यात लावू नका. काळ्यावर पांढरं हवं असेल, तर रेग्युलर इटॅलिक घ्या. मराठीत शब्दावर जोर द्यायचा असेल, तर ठळक टाइप आहेच. वाचकाच्या डोळ्याला त्याची सवय आहे. टीप प्रूफसोबत पाठवतो. कर्निंग, म्हणजे अक्षरजोड्यांमधलं अंतर जुळवणं, उद्या.