मिंबरासमोरची शांतता

शुक्रवारी दुपारी दक्षिण मुंबईतल्या जामा मशिदीभोवतीचा बाजार काही वेळ मंदावतो. मंगलदास मार्केट, झवेरी बाजार, क्रॉफर्ड मार्केट या भागांतली माणसे मशिदीकडे वळतात. त्यांत गल्ल्यावर बसणारे मालक असतात, हमाल असतात, कापड मोजून देणारे नोकर असतात. 1802 साली बांधून पूर्ण झालेल्या या इमारतीखालच्या जुन्या तळ्यावर ती वजू करतात, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुतात, आणि खांद्याला खांदा लावून बसतात. खतीब, म्हणजे प्रवचनकार, मिंबरावर म्हणजे पायऱ्यांच्या उंच आसनावर चढून बसतो, त्याच्यासमोर मुअज्जिन दुसरी अजान देतो आणि ती संपली की खतीब उठून उभा राहतो. तिथून पुढे सगळ्यांनी गप्प राहायचे. याबाबतची हदीस, म्हणजे पैगंबरांचे परंपरेने आलेले वचन, इतकी कडक आहे की शेजारी बोलत असेल तर त्याला ‘गप्प बस’ म्हणणाऱ्याच्या पदरातही व्यर्थ बोलण्याचा दोष पडतो. म्हणजे शेकडो माणसांच्या सभेत शांतता राखायला स्वयंसेवक नाही, घंटा नाही आणि दुसऱ्याला तोंडाने दटावण्याची मुभाही नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःला आवरायचे. खुतब्याविषयी, म्हणजे शुक्रवारच्या या प्रवचनाविषयी, चर्चा होते तेव्हा ती बहुधा बोलणाऱ्याची होते. कोण बोलला, काय बोलला, कोणाला चिथावले, कोणाला शांत केले, याभोवतीच ती फिरते. पण या संस्थेचे नियम एकेक करून पाहिले तर ती ऐकणाऱ्यासाठी घडवलेली दिसते. आज तिच्यापुढे उभे असलेले भाषेचे, सरकारी मजकुराचे आणि स्त्रियांच्या जागेचे प्रश्नही ऐकणाऱ्याच्या बाजूनेच सोडवायला हवेत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

इतिहास थोडक्यात असा. 622 साली पैगंबर मुहम्मद मक्का सोडून मदिनेकडे निघाले. वाटेत कुबा इथे थोडे दिवस थांबून पुढे जाताना बनू सालिम या कुळाच्या वस्तीत त्यांनी मदिनेतल्या पहिल्या जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची सामूहिक नमाज पढवली. कुराणाच्या बासष्टाव्या सुऱ्याला या दिवसाचेच नाव आहे. जुम्म्याची हाक आली की खरेदी-विक्री थांबवून ईश्वराच्या स्मरणाकडे या आणि नमाज आटोपली की पुन्हा पांगून आपापली रोजी शोधा, असे तो सांगतो. म्हणजे जुम्मा हा मुळात सुट्टीचा दिवस नव्हे. कामाच्या दिवसाच्या मध्यावर घेतलेली ती थोडी उसंत आहे. त्याच सुऱ्याच्या शेवटी एक तक्रारही आहे. एकदा खुतबा चालू असताना व्यापारी काफिला आल्याची वार्ता पसरली, लोक उठून गेले आणि हदीसप्रमाणे समोर बाराच माणसे उरली. खुद्द पैगंबरांसमोरून श्रोते उठून गेल्याची ही नोंद कोणी लपवून ठेवली नाही. ऐकणारा निघून जाऊ शकतो, त्याचे मन बाजारात अडकलेले असू शकते, ही जाणीव या संस्थेच्या पायातच आहे आणि पुढचे सगळे नियम तिच्यातून उगवलेले वाटतात.

एरवी दुपारच्या जोहरच्या नमाजेत चार रकाती (नमाजेची आवर्तने) फर्ज, म्हणजे अनिवार्य असतात. जुम्म्याला दोनच, आणि त्यांच्याआधी दोन खुतबे. दोहोंच्या मध्ये खतीब क्षणभर खाली बसतो. शाफई पंथात ही बैठक अनिवार्य आहे, हनफी पंथात सुन्नत, म्हणजे पैगंबरांच्या प्रघातानुसार इष्ट. बोलणारा थांबतो, ऐकणारा पहिल्या भागातले काही मनात मुरवतो, पुष्कळजण त्या क्षणात मनातल्या मनात दुआ मागतात. खुतबा आखूड आणि नमाज त्या मानाने दीर्घ असणे हे माणसाच्या शहाणपणाचे लक्षण, असे एक हदीस सांगते. दुसरीत म्हटले आहे की मशिदीच्या दारांवर फरिश्ते उभे राहून येणाऱ्यांची क्रमवार नोंद करतात. सर्वांत आधी आलेल्याला उंट दान केल्याचे पुण्य मिळते आणि शेवटच्याला अंडे दान केल्याचे. इमाम आला की फरिश्ते वह्या मिटतात आणि स्वतः ऐकायला बसतात. खुद्द मिंबराची कथाही ऐकणाऱ्याचाच विचार दाखवते. पैगंबर आधी खजुराच्या एका खोडाला टेकून बोलत. पुढे झाऊच्या लाकडाचे तीन पायऱ्यांचे आसन एका सुताराकडून करवून घेतले गेले. उंचावर उभे राहिले की मागच्यालाही बोलणारा दिसतो आणि ऐकू येतो. शांततेचा नियमही आंधळा नव्हता. एकदा ऐन खुतब्यात एक माणूस आत आला आणि दुष्काळाने गुरे मरत असल्याचे सांगू लागला. त्याला कोणी गप्प केले नाही. पैगंबरांनी तिथेच हात उचलून पावसासाठी दुआ केली. पुढच्या जुम्म्याला अतिवृष्टीची तक्रार आली, तीही ऐकून घेतली गेली. श्रोत्याचे दुःख मिंबरापर्यंत पोहोचण्याची वाट पहिल्यापासून उघडी होती.

सगळे गप्प बसून ऐकतात अशी जागा सत्तेच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. मध्ययुगात राजा कोण हे दोन गोष्टींवरून ठरे: नाणे कोणाच्या नावाचे आणि खुतबा कोणाच्या नावाचा. दौलताबादला 1347 साली अलाउद्दीन हसन बहमनशहाने स्वतःच्या नावाने खुतबा पढवला, तेव्हा दख्खन दिल्लीपासून तुटल्याचे जाहीर झाले. 1490 साली अहमद निजामशहाने खुतब्यातून बहमनी सुलतानाचे नाव गाळले आणि अहमदनगरचे राज्य वेगळे झाले. 1579 साली फतेहपूर सिक्रीत अकबर स्वतःच खुतबा पढायला मिंबरावर उभा राहिला. 1636 साली शहाजहानने गोवळकोंड्याच्या कुतुबशहावर ज्या अटी लादल्या, त्यांत खुतब्यात कोणाची नावे घ्यायची हेही होते. पण सत्तेच्या या गर्दीत एक वेगळी गोष्टही घडली. परंपरा सांगते की उमय्या राजवटीत खुतब्यातून पैगंबरांचे जावई हजरत अली यांची निंदा होत असे. 717 साली खलिफा झालेल्या उमर बिन अब्दुल अजीज यांनी ती बंद केली आणि तिच्या जागी कुराणाच्या सोळाव्या सुऱ्यातली एक आयत आणली: न्यायाने वागा, भले करा, नात्यातल्यांना द्या, निर्लज्जपणा आणि अत्याचार टाळा, असा तिचा आशय. ज्यांच्या नावाने खुतबे पढले गेले ती राज्ये बुडाली, खलिफाचे पदही 1924 साली तुर्कस्तानने रद्द केले. ती आयत मात्र आजही कोकणातल्या लहानशा मशिदीपासून इस्तंबूलपर्यंत दुसऱ्या खुतब्याच्या शेवटी ऐकू येते. नावे राज्यकर्त्यांना हवी होती. आयत ऐकणाऱ्याला हवी होती, म्हणून ती टिकली.

इथे आपण आजच्या सर्वांत अवघड प्रश्नापाशी येतो. ती आयत कानावर पडते, पण किती जणांना कळते? भारतातल्या बहुतेक मशिदींत खुतबा पूर्ण अरबीत असतो. दहाव्या शतकातल्या इब्न नुबाताच्या संग्रहापासून मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘खुतबातुल अहकाम’पर्यंत तयार अरबी खुतब्यांची मोठी परंपरा आहे आणि अनेक इमाम अशा पुस्तकांतूनच पढतात. अर्थ कळावा म्हणून त्याआधी उर्दूत बयान, म्हणजे वेगळे निरूपण होते. पण बयान हा खुतबा नव्हे. त्याला शांततेचे बंधन नाही आणि ते ऐकणे फर्ज नाही. त्यामुळे नोकरीधंद्यातून घाईने येणारा माणूस बयान संपता संपता पोहोचतो. जे समजते ते ऐकण्याची सक्ती नाही आणि जे ऐकण्याची सक्ती आहे ते समजत नाही, अशी ही अडचण आहे. रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत ती दुहेरी होते. तिथले कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. घरात कोकणी बोली, पुष्कळ मुलांचे शिक्षण मराठी शाळेत. त्यांना अरबीच काय, बयानातली जड उर्दूही परकी वाटू शकते.

याला उलेमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, उत्तर आहे आणि ते हलके समजू नये. त्यांच्या मते खुतबा हे भाषण नव्हे, इबादत म्हणजे उपासना आहे. तो दोन रकातींच्या जागी आहे. नमाज जशी अरबीतच होते तसा खुतबाही व्हावा, म्हणजे मुंबईचा माणूस जकार्तात किंवा कैरोत गेला तरी परका राहणार नाही. एकदा देशोदेशीच्या भाषा आल्या की या सामायिक दुव्याचे तुकडे होतील, ही भीती खरी आहे. पण त्याच परंपरेत दुसरा आवाजही आहे. अरबीखेरीज अन्य भाषेतला खुतबा इमाम अबू हनीफा यांनी वैध मानला होता. त्यांच्या दोन प्रमुख शिष्यांनी तो अरबी न येणाऱ्यापुरता मर्यादित केला. शाफई पंथात खुतब्याचे पाच आवश्यक घटक मानतात: ईशस्तुती, पैगंबरांवर दरूद (आशीर्वचन), ईशभयाचा उपदेश, एक आयत आणि श्रद्धावंतांसाठी दुआ. हे पाचही घटक अरबीत म्हणायला काही मिनिटे पुरतात. उरलेला उपदेश स्थानिक भाषेत करता येतो. मक्केतल्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह (धर्मशास्त्र) अकादमीनेही बिगरअरब देशांसाठी असाच मार्ग मान्य केला आहे. केरळातल्या मुजाहिद या सुधारणावादी चळवळीच्या मशिदींत खुतबा अनेक वर्षे मल्याळममध्ये होतो. तिथे अरबी नाहीशी झाली नाही. आयती आणि दुआ अरबीतच राहिल्या, उपदेश तेवढा घरच्या भाषेत आला. एकतेचा दुवा नमाजेत शाबूत असताना उपदेशाला परक्या भाषेत बांधून ठेवल्याने श्रोत्याच्या पदरात काय पडते, याचे समाधानकारक उत्तर अरबीच्या आग्रहातून मिळत नाही.

दुसरी अडचण उलट दिशेने येते. तुर्कस्तानात धर्मव्यवहारांचे सरकारी खाते खुतब्याचा मजकूर पुरवते, सिंगापुरात मुस्लिमांची वैधानिक परिषद तयार करते, संयुक्त अरब अमिरातीत तो अरबीबरोबर इंग्रजी आणि उर्दूतही प्रसिद्ध होतो. आखातात राबणाऱ्या कोकणातल्या माणसाला गावच्या मशिदीपेक्षा तिथला खुतबा अधिक कळतो, हे मान्य करावे लागेल. असा मजकूर नेमका असतो, आटोपशीर असतो आणि मिंबरावरून द्वेष पसरवणाऱ्याला तो आवर घालतो. प्रक्षोभक भाषणांची किंमत माणसांना जिवाने मोजावी लागली आहे, त्यामुळे हा युक्तिवाद उडवून लावता येत नाही. पण इजिप्तच्या वक्फ मंत्रालयाने 2016 साली सर्व मशिदींत एकच लिखित खुतबा वाचण्याची योजना आणली, तेव्हा कैरोच्या अल-अझहर या धर्मपीठाच्या ज्येष्ठ उलेमांनीच ती नाकारली. छापील कागदाने खतिबाची विचारशक्ती गंजते, अशी त्यांची चिंता होती. तिच्यात श्रोत्याच्या बाजूने भर घालायला हवी. दुष्काळाचे गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाला राजधानीत लिहिलेल्या कागदात जागा नसते. गावातल्या हुंड्याचे, व्यसनाचे, भावाभावांतल्या जमिनीच्या तंट्याचे त्यात काही असू शकत नाही. द्वेषाला आवर कायद्याने घालावा. उपदेश मात्र त्या वस्तीला ओळखणाऱ्या माणसाने लिहावा. त्यासाठी तो माणूस घडवायला लागतो. इमामांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि 1993 साली न्यायालयाने वक्फ मंडळांना त्यांच्या मानधनाची व्यवस्था करायला सांगितले होते. ज्याच्याकडून दर आठवड्याला नवा विचार हवा, त्याला वाचायला वेळ आणि जगायला पैसा द्यावा लागतो.

तिसरी अडचण सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत बोचणारी आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य मशिदींत निम्मा समाज खुतबा ऐकतच नाही. स्त्रियांवर जुम्मा फर्ज नाही, हे शास्त्र सर्वमान्य आहे. पण फर्ज नसणे म्हणजे मज्जाव असणे नव्हे. हारिसा यांची कन्या उम्मे हिशाम यांनी सांगून ठेवले आहे की कुराणाचा ‘काफ’ हा सुरा त्यांनी पैगंबरांच्या तोंडून जुम्म्याच्या खुतब्यांत ऐकून ऐकून पाठ केला. एका स्त्रीच्या श्रवणाचा याहून भक्कम पुरावा कोणता हवा? पुण्यातल्या एका दाम्पत्याने 2019 साली स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही न्यायालयात सांगितले की इस्लाम स्त्रियांना मशिदीत यायला मनाई करत नाही. जागेची टंचाई हे कारण दिले जाते आणि मुंबईसारख्या शहरात ते खोटेही नाही. तरी जागा कोणासाठी आधी काढायची, हे ठरवणारी जमात (मशिदीचा समुदाय) असते, भिंती नव्हेत.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि 27 मार्चच्या शुक्रवारी देशभरातल्या बहुतेक मशिदींची दारे बंद राहिली. मोबाइलच्या पडद्यावर खुतबा ऐकून जुम्मा का होऊ नये, असा प्रश्न तेव्हा जगभर विचारला गेला. बहुतेक उलेमांनी तो मार्ग नाकारला आणि घरी जोहर पढायला सांगितले. तो निर्णय अनेकांना कठोर वाटला, पण त्याने एक गोष्ट स्पष्ट केली: जुम्म्याला आवाज पोहोचणे पुरेसे नाही, माणसाने उठून येणे, शेजाऱ्याजवळ बसणे आणि गप्प राहणे लागते. श्रोत्याकडून इतके मागणारी संस्था श्रोत्याचे तितकेच देणे लागते. म्हणून प्रत्येक जमातीच्या विश्वस्तांना विनंती आहे: आयती आणि दुआ अरबीत ठेवा, उपदेश लोकांच्या भाषेत आणा, ते लगेच जमत नसेल तर त्या दिवशीच्या खुतब्याचा मराठी अर्थ दाराशी लावा, इमामाला वेळ द्या आणि स्त्रियांसाठी एक तरी दालन काढा. नमाज आटोपली की पांगून रोजी शोधा, असे कुराण सांगते. मशिदीतून निघालेला माणूस पुन्हा दुकानात, गोदीत, शेतात जातो. न्यायाने वागण्याची ती आयत त्याच्याबरोबर तिथवर जायची असेल, तर तिथे तो ज्या भाषेत भाव करतो आणि शब्द देतो, त्याच भाषेत ती त्याला कळली पाहिजे.