‘बॉललाच पाय लागलाय की!’

कोल्हापूरचा फुटबॉल पेठा-तालमींनी वाढवला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा संघांसाठी शाहू स्टेडियम भरतं, आणि तीच ईर्षा कळंब्यासारख्या उपनगरातल्या पोरांच्या खेळातही उतरते. शिट्टी वाजली की पंचाभोवती कडं पडतं. अशा बऱ्याच वादांचं मूळ नियमांच्या ऐकीव ज्ञानात असतं.

गैरसमज : हौशी खेळाडू मुद्दामच नियम मोडतात.
वस्तुस्थिती : शर्ट ओढणं, वेळ काढणं हे जाणूनबुजून होतं, यात शंका नाही. पण दमलेला पाय क्षणभर उशिरा पोहोचतो आणि बॉलऐवजी नडगीवर बसतो. शिवाय फुटबॉलचे नियम फक्त १७ असले, तरी बहुतेक पोरं ते मोठ्यांचा खेळ बघून आणि गॅलरीतली ओरड ऐकूनच शिकतात.

गैरसमज : आधी बॉलला पाय लागला, तर फाऊल नाही.
वस्तुस्थिती : मैदानावर सर्वाधिक ऐकू येणारी ही सबब १२व्या नियमात कुठेच नाही. पंच बघतो ती टॅकलची पद्धत. ती निष्काळजी असेल तर फ्री किक, बेपर्वा असेल तर सोबत पिवळं कार्ड, आणि अवाजवी ताकद लावली तर लाल. बॉल मिळवून मागचा पाय समोरच्याच्या घोट्यावर आदळला, तरी तो फाऊलच ठरू शकतो.

गैरसमज : बॉल हाताला लागला की हॅण्ड.
वस्तुस्थिती : हात मुद्दाम बॉलकडे नेला, किंवा अनैसर्गिकपणे पसरून अंगाचा आडोसा वाढवला, तर गुन्हा. खांदा हातात धरत नाहीत. काखेच्या खालच्या रेषेपासून पुढे हात सुरू होतो. एक अपवाद मात्र कडक आहे: गोल करणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला बॉल चुकून लागला आणि लगेच गोल झाला, तरी तो रद्द होतो.

गैरसमज : ऑफसाइडला उभं राहणं हाच गुन्हा.
वस्तुस्थिती : नुसतं उभं राहिल्यानं काही बिघडत नाही. सहकाऱ्यानं बॉल मारला त्या क्षणी तिथं असलेला खेळाडू पुढे खेळात सामील झाला, तरच शिट्टी वाजते. थ्रो-इन, गोल किक किंवा कॉर्नरवरून बॉल थेट आला, तर ऑफसाइड नसतोच.

गैरसमज : शाळेत शिकलेले नियम आजही तेच.
वस्तुस्थिती : १८८६ मध्ये स्थापन झालेलं ‘इफाब’ हे मंडळ दरवर्षी नियमांचा फेरविचार करतं. २०१९ पासून गोल किक पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याआधीच सहकाऱ्याला खेळता येते. २०२५ मध्ये गोलकीपरचा नियम बदलला. बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला, तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांवर मोजून दाखवतो. आघाडी टिकवायला बॉल कवटाळून बसणाऱ्या कीपरला त्या बोटांचा अर्थ सामन्याआधीच सांगितलेला बरा.