पीतबिंदूची मोजदाद

दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूचा पिवळेपणा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच युरोपातील शारीरविदांच्या नजरेस आला होता. परंतु जिवंत आणि निरोगी डोळ्यात तो किती आहे, हे डोळ्यास हात न लावता मोजण्याची सोय व्हावयास पुढे दीर्घ काळ जावा लागला. हा पिवळेपणा देणारे रंगद्रव्य निळ्या प्रकाशाचा काही अंश शंकुपेशींपर्यंत पोचण्यापूर्वीच अडवीत असावे, असे माक्स शुल्त्से याने १८६६ साली प्रतिपादिले. १९४५ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांनी त्याचे नाते वनस्पतींतील पीतद्रव्यांशी जोडले. आणि बोन व लँड्रम प्रभृतींनी १९८५ मध्ये त्यातील ल्युटीन व झियाझँथिन ओळखून दाखविली. ही दोन्ही द्रव्ये शरीरास स्वतः घडविता येत नाहीत. पालक, मका, अंड्यातील बलक अशा अन्नातूनच त्यांची आवक होते.

मोजणीचे यंत्र मेजावर मावेल एवढे, दिसावयास अगदीच साधे. नेत्रिकेस डोळा लावला की एक लहानशी वर्तुळाकार चकती दिसते. तिच्यावर सुमारे ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा आणि सुमारे ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश इतक्या त्वरेने आलटून पालटून पडतो की दोन्ही रंग एकमेकांत मिसळून जातात, परंतु त्यांच्या तेजातील तफावत लुकलुकीच्या रूपाने डोळ्यास जाणवत राहते. तपासला जाणारा मनुष्य हाताशी असलेली कळ फिरवीत निळ्याची मात्रा कमी-अधिक करतो, आणि लुकलुक थांबली, म्हणजे दोन्ही तेजे समान झाली, की ती मात्रा नोंदवून घेतात. मग त्यास नजर बाजूच्या एका खुणेवर स्थिर करावयास सांगून, चकतीचे बिंब केंद्रापासून सुमारे सात अंशांवर, जेथे रंगद्रव्य नाममात्रच असते, तेथे पाडतात व तोच प्रयोग अधिक मंद गतीने पुन्हा करतात. केंद्रस्थानी निळा जितका अधिक लागला तितका तो रंगद्रव्याने गिळला. या दोन मात्रांच्या लघुगणकांची वजाबाकी हीच रंगद्रव्याची प्रकाशीय घनता. ०.३ आली तर निम्मा निळा प्रकाश अडला, १ आली तर दहावा हिस्साच पार झाला, असा हिशेब. वयोमानाने पिवळसर झालेले नेत्रभिंग दोन्ही वाचनांत सारखेच आडवे येते, सबब वजाबाकीत त्याचा दोष परस्पर निघून जातो. मला या रीतीतील खरी चतुराई येथेच दिसते.

तथापि येथे यंत्र केवळ कारकून आहे. जबानी देतो तो डोळ्याचा धनी, आणि थकलेला वा उतावीळ साक्षीदार जशी साक्ष देईल तसाच आकडा दप्तरी दाखल होतो. विशेषतः दुसऱ्या वाचनात, नजर बाजूस रोखून चकतीकडे लक्ष ठेवता ठेवता, चकती हळूहळू विरून जाऊ लागते. मग पापण्या मिटवून उघडाव्या लागतात, वाचने पुनःपुन्हा घेऊन सरासरी काढावी लागते. शिवाय चकतीचा आकार बदलला की आकडाही बदलतो, म्हणून दोन निरनिराळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे गैर. दृष्टिपटलाच्या स्वयंदीप्तीचे छायाचित्र घेऊन मोजण्याची पद्धतही आहे. तिला रुग्णाच्या साक्षीची गरज पडत नाही, परंतु मोतीबिंदूने गढुळलेले भिंग तिच्या मार्गात अडथळा आणते.

आता या आकड्याचे करावयाचे काय? तो वाढविण्याच्या आशेने घेतल्या जाणाऱ्या ल्युटीनच्या गोळ्यांचा बाजार मोठा आहे, आणि दसऱ्याच्या तोरणातील झेंडूच्या जातभाईंच्या पाकळ्यांतूनच ते ल्युटीन काढले जाते. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या मोठ्या चाचणीचा हवाला नेहमी दिला जातो, ती पीतबिंदूच्या ऱ्हासाची लक्षणे आधीच दिसू लागलेल्या लोकांवर झाली होती. आणि तिच्या मुख्य निष्कर्षात, पूर्वीच्या औषधयोजनेत ल्युटीन व झियाझँथिन यांची भर घातल्याने अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. निरोगी डोळ्यांच्या माणसाने ही मोजणी कुतूहल म्हणून खुशाल करून घ्यावी, विडी-सिगारेट ओढत असल्यास ती सोडावी आणि पानात पालेभाजी वाढून घ्यावी. केवळ आकडा कमी आला म्हणून गोळ्यांवर पैसे खर्चू नयेत.