ट्रॅक्टर रेस घेईना? सेन्सर बदलण्याआधी तारा तपासा



ऊस विकास अधिकाऱ्याने इंजिनाबद्दल लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळत पडला की वजनही घटते आणि उताराही. म्हणून हे चार शब्द.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक मानक लागू झाले. यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत रेसच्या पेडलपासून पंपापर्यंत जाणारी दांडी आता नाही. पेडलपाशी एक छोटा सेन्सर असतो. पेडल किती दाबले ते तो व्होल्टेजच्या रूपाने कंट्रोलरला कळवतो आणि कंट्रोलर तेवढे डिझेल सोडतो. ही खबर चुकली की मीटरवर दिवा लागतो, पेडल दाबले तरी इंजिन रेस घेत नाही. मागे दोन भरल्या ट्रॉल्या आणि समोर चढ असेल तर आधी चाकांना दगड लावा, मग बॉनेट उघडा.

गेल्या हंगामात आमच्या गटातल्या एका सभासदाचा ट्रॅक्टर असाच ओढ्याच्या चढाला अडला. मेकॅनिकने कॉम्प्युटर लावला, 'सेन्सर सर्किट' असा कोड आला. नवा सेन्सर बसवला. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडलेली तार सापडली. तोवर खेपा बुडाल्या आणि सेन्सरचे पैसेही गेले. कोडमध्ये 'सर्किट' असे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे सेन्सर, प्लग, तारा आणि कंट्रोलर यांपैकी कुठेही दोष असू शकतो.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. सेन्सरला साधारणपणे तीन तारा असतात. एकीवर कंट्रोलरकडून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थ आणि तिसरी खबर नेणारी. काही ट्रॅक्टरांत असे दोन संच असतात. कोणती तार कोणती हे कंपनीच्या पुस्तकात पाहावे, रंगावर जाऊ नये.

किल्ली बंद करून प्लग काढा. पिना हिरव्या पडल्यात का, आत पाणी आहे का ते बघा. निम्मे बिघाड इथेच सापडतात, असा माझा तरी अनुभव आहे. मग इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवा आणि ताराकडच्या प्लगात पाचाची पिन व अर्थची पिन यांमध्ये मोजा. ५ च्या आसपास आले तर या दोन तारा ठीक. न आले तर पाचाची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांमध्ये मोजा. आता ५ दिसले तर अर्थची तार तुटली आहे. तरीही न दिसले तर पाचाची तार तुटली किंवा कुठे टेकली आहे. कधी त्याच लाईनवरचा दुसराच सेन्सर शॉर्ट होऊन सगळा दाब खाली ओढतो. ते एकेक सोडून पाहावेत.

दाब बरोबर असेल तर किल्ली बंद करून प्लग परत बसवा. पुन्हा किल्ली फिरवून प्लगच्या मागच्या बाजूने खबरेच्या तारेवर मीटर धरा आणि पेडल सावकाश दाबा. आकडा एकसारखा चढला पाहिजे. मध्येच शून्यावर पडला किंवा उडाला, तर तारांचा गठ्ठा हलवून पाहा. हलवल्यावर आकडा नाचला तर दोष तारेत. गठ्ठा न हलवता दर वेळी पेडलच्या त्याच जागी आकडा पडत असेल, तर मात्र सेन्सर झिजला, तो खुशाल बदला.

तारेत सुई टोचून तपासू नका, त्या भोकातून पाणी शिरते. बल्बचा टेस्टर तर लावूच नका, कंट्रोलर जळू शकतो आणि त्याची किंमत ऐकून झोप उडेल. ट्रॉलीचा हूक वेल्डिंग करतानाही ट्रॅक्टर सोडून बाजूला घ्या. वॉरंटी चालू असेल तर तारा कापण्याआधी कंपनीच्या माणसाला बोलवा.

आपल्या गट ऑफिसात मल्टिमीटर ठेवला आहे. रजिस्टरला नाव लिहून न्यावा, दुसऱ्या दिवशी परत आणावा.

— ऊस विकास अधिकारी