मोठ्या जहाजावर दोरीच्या शिडीने चढणारा माणूस कोण?

मच्छीमार बंधू-भगिनींनो, वास्कोच्या बाजूने बोट घेऊन गेलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असेल. मुरगाव बंदराबाहेर मोठं जहाज वेग कमी करतं, एक लहान लाँच त्याच्या कुशीला लागते आणि एक माणूस दोरीच्या शिडीने वर चढतो. हा त्या जहाजाचा पायलट. त्याला परवाना कोण देतं, पैसे कोण देतं, आणि आपला त्याच्याशी काय संबंध? पेडणे-डिचोलीच्या आपल्या माणसांनी हे समजून घ्यायला हवं.

आधी एक जुनी गोष्ट. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भरुचच्या खाडीत भरतीचा जोर आणि रेतीचे बांध इतके वाईट की परक्या जहाजाला आत शिरणं कठीण. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन पुढे जात आणि जहाजांना वाट दाखवून आत आणत, असं त्यात नोंदलेलं आहे. म्हणजे या कामावर तेव्हा आपल्यासारखेच लोक होते, आणि राजा त्यांना त्यासाठी पोसत होता.

आज हेच काम कायद्याने बांधलेलं आहे. १९०८ च्या इंडियन पोर्ट्स ॲक्टमध्ये ठरलं की ज्या बंदरांना ते कलम लावलं आहे, तिथे २०० टन किंवा त्याहून मोठं जहाज पायलट किंवा बंदराचा अधिकारी वर असल्याशिवाय आत येणार नाही, बाहेर जाणार नाही, जागाही बदलणार नाही. २०० टनांखालच्या यांत्रिक जहाजाला लेखी परवानगी मिळाली तर पायलटशिवाय जाता येई. २०२५ मध्ये संसदेने या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला.

मोठ्या बंदरात पायलट व्हायचं तर आधी परदेशी फेरीच्या जहाजाचा कॅप्टन होण्याइतकं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी बरीच वर्षं समुद्रावर काढावी लागतात. नंतर त्याच बंदरात जुन्या पायलटबरोबर फेऱ्या करायच्या, परीक्षा द्यायची, मग अधिकृत मान्यता. एका बंदराची मान्यता दुसऱ्या बंदरात तशीच चालत नाही, कारण प्रत्येक ठिकाणचा तळ, प्रवाह आणि वारा वेगळा.

आता पैशांचं. पायलटेजचा आकार जहाजाच्या टनेजवर ठरतो. जहाज जितकं मोठं, तितकं बिल मोठं. त्यात सहसा टग आणि पायलट लाँचचा खर्चही धरलेला असतो. किनारी वाहतुकीच्या जहाजाला परदेशी फेरीच्या जहाजापेक्षा कमी दर असतो. पूर्वी मोठ्या बंदरांचे दर १९९७ साली नेमलेलं केंद्राचं दर प्राधिकरण ठरवायचं. २०२१ च्या कायद्याने तो अधिकार प्रत्येक बंदराच्या मंडळाकडे गेला. आपल्याकडे बिलाचे पैसे बंदराला जातात आणि पायलट हा बंदराचा पगारी माणूस असतो. अमेरिकेतल्या बऱ्याच बंदरांत उलट आहे: पायलट आपली संघटना करतात आणि मिळालेली फी आपसात वाटून घेतात.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पायलट वर असला तरी जहाजाचा कॅप्टन आणि मालक जबाबदारीतून सुटत नाहीत. जहाजाने नुकसान केलं तर ‘पायलट सक्तीचा होता’ एवढं सांगून १९०८ च्या कायद्यातही सुटका नव्हती. आपलं जाळं किंवा होडी गेली तर हे लक्षात ठेवा. तारीख, वेळ, जागा आणि जहाजाचं नाव लगेच लिहून ठेवा, फोटो काढा.

पण आपली बाजूही स्वच्छ हवी. समुद्रातल्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २० मीटरपेक्षा लहान बोटीने, तसंच मासेमारी करणाऱ्या कुठल्याही बोटीने, अरुंद चॅनलमधून जाणाऱ्या मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही. भरलेलं जहाज थांबायला मैलभर पाणी घेतं. पायलटने आपल्याला पाहिलं तरी तो ते ब्रेक लावून थांबवू शकत नाही.

रात्रीचे दिवे पाठ करून ठेवा:
• वर पांढरा, खाली लाल: पायलट लाँच.
• वर लाल, खाली पांढरा: जाळी टाकून मासेमारी चालू.
• वर हिरवा, खाली पांढरा: ट्रॉल ओढणं चालू.

आपले दोन दिवे उलटे बसवले तर आपली बोट लांबून पायलट लाँच वाटेल, आणि मोठं जहाज आपल्याच दिशेने येऊ शकतं. दिवसा जहाजावर अर्धा पांढरा, अर्धा लाल झेंडा दिसला तर समजा, पायलट वर आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. तेरेखोलच्या आणि शापोऱ्याच्या मुखावर रेती कुठे सरकली, कोणत्या भरतीला आत शिरायचं, हे आपला तांडेल डोळे मिटून सांगतो. हेच ज्ञान मुरगावात टनावर मोजून विकलं जातं. फरक एवढाच, की तिथे कागद आहे आणि इथे नाही.

डिचोलीच्या माणसांना कागदाची किंमत कळली आहे. सारमानस, आमोणे या धक्क्यांवरून खनिज घेऊन मांडवीतून मुरगावला जाणाऱ्या बार्जींवर किती घरं चालायची! २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि बार्जी धक्क्याला लागल्या. ज्यांच्याकडे सारंग किंवा मास्टरचं प्रमाणपत्र होतं, त्यांना दुसऱ्या बोटीवर काम मागायला निदान काही दाखवायला तरी होतं. नुसत्या अनुभवावर काम केलेल्यांकडे तेही नव्हतं.

म्हणून विनंती. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे, त्यांनी मुदत तपासून नूतनीकरण करून घ्यावं. नसेल तर पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात चौकशी करावी. घरात बारावी सायन्सला मुलगा-मुलगी असेल तर डेक कॅडेटची वाट त्यांना दाखवा. पायलटच्या खुर्चीकडे तीच वाट जाते. आणि १ ऑगस्टला बंदी उठण्याआधी प्रत्येक मालकाने मास्टवरचे दिवे एकदा रात्री लावून बघावेत.

दर्या आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. आता आपल्या मुलांची ओळख कागदावरही चढू दे.