डांबरावर दोन, पांदणीत चार

पेरणीच्या दिवसांत वाशीमहून शेताकडे निघालेल्या गाडीला एकाच फेरीत दोन तऱ्हेचे रस्ते लागतात: आधी डांबर, मग काळ्या मातीची पांदण. नवी फोर-बाय-फोर घेतलेले शेजारी मग विचारतात, चारही चाकांच्या ताकदीचे पैसे मोजलेत, तर ती रोज का वापरू नये?

डवरणी करताना धुऱ्याशी जोडी वळवली, की बाहेरचा बैल मोठा फेरा घेतो आणि आतला जवळपास जागीच फिरतो. गाडीच्या चाकांचंही तसंच असतं. डाव्या-उजव्या चाकांतला हा फरक डिफरन्शियल सांभाळतं. दोन चाकांना कमीजास्त फिरू देणारी ती दातेरी चक्रांची पेटी. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षाही लांबून जातात. लिव्हर ‘२ एच’ वर, म्हणजे दोन चाकांच्या ताकदीवर, असताना फक्त मागची चाकं ढकलतात, पुढची मोकळी असतात, म्हणून तिथे भांडण नाही.

आपण लिव्हर ‘४ एच’ वर नेता तेव्हा ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढेमागे वाटणारी पेटी, दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते. आता पुढच्या-मागच्यांना सारखंच फिरावं लागतं. चिखलात चाक जरासं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो, म्हणून ताण दात्यांत साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, टायर झिजतात, आणि शेवटी लिव्हरही अडकून बसतो. तो ओढत बसू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की बहुधा सुटतो.

हे थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांचं झालं. काही ‘ऑल-व्हील’ गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक सांभाळायचीही सोय असते. त्या डांबरावर चारही चाकांनी चालतात. आपली कोणती, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

सगळ्यात जास्त चूक होते ती वेळेची. गाडी रुतल्यावर लोकांना लिव्हर आठवतो. पांदणीच्या तोंडाशीच, चाकं सरळ आणि वेग कमी ठेवून, ‘४ एच’ घाला. ‘४ एल’ साठी बहुतेक गाड्या पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये आणाव्या लागतात. तो ट्रॅक्टरच्या लो गिअरसारखा, वेग नाही पण ओढ भरपूर. आणि रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. फिरणारं चाक स्वतःचाच खड्डा खोदतं.

आपली काळी माती इथे खरी परीक्षा घेते. ती टायरच्या खाचांत गच्च बसते आणि रस्त्याचा टायर गुळगुळीत लाकडासारखा होतो. मग चार काय नि दोन काय, सगळीच चाकं घसरतात. माझ्या मते नुसत्या ‘फोर-बाय-फोर’च्या बॅजपेक्षा खोल खाचांचे टायर पांदणीत जास्त कामाचे. पण चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत.

आणखी एक गैरसमज. फोर-बाय-फोरने ब्रेक लवकर लागतो, असं अनेकांना वाटतं; तसं नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतो. कारंजा, मालेगावकडून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर पाऊस असला, तरी ‘२ एच’ आणि कमी वेग हाच मार्ग. तिथली ताशी १२० किलोमीटरची मर्यादा ही काही भर पावसातली शिफारस नव्हे.

उन्हाळ्यात लिव्हरला महिनोन्महिने हात लागत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर काही किलोमीटर ‘४ एच’ चालवा, म्हणजे आतलं तेल फिरतं राहील. आणि परतताना चाकं डांबराला लागली, की लिव्हर ‘२ एच’ वर आणा; डॅशबोर्डवरचा फोर-बाय-फोरचा दिवा विझल्याशिवाय वेग वाढवू नका.