फ्रिज आधी, पॅनल नंतर

तिरोड्याच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता ३,३०० मेगावॉट. पण त्याच गोंदिया जिल्ह्यात, देवरी-सालेकशाच्या जंगलपट्ट्यात कुणी गावापासून लांब शेतात घर बांधलं आणि विजेचा खांब तिथवर पोचलाच नाही, तर सगळी भिस्त छतावरच्या पॅनलवर. दिवे, पंखा, मोबाइल यांचं सहज भागतं. अडतं ते फ्रिजपाशी. दिवा गरज संपली की बंद करता येतो, फ्रिजला रात्रीही वीज लागते.

बहुतेक घरांत आधी पॅनल-बॅटरीचा संच येतो आणि मग त्यावर चालेल असा फ्रिज शोधला जातो. माझं म्हणणं, आधी फ्रिज ठरवा. दुकानात तारे मोजत बसू नका. तारे त्या-त्या प्रकारातल्या आणि आकारातल्या तुलनेवर मिळतात, त्यामुळे मोठा पाचतारी फ्रिज लहान तीनतारीपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलवर वर्षाच्या युनिटचा आकडा असतो, तो वाचा. चार-पाच माणसांच्या घराला एका दाराचा, डायरेक्ट कूल फ्रिज पुरतो. त्यातला बर्फ अधूनमधून हाताने वितळवावा लागतो, पण फ्रॉस्ट फ्रीमध्ये त्याच कामासाठी हीटर असतो आणि तो बॅटरीच्या जिवावर चालतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असलेला मिळाला तर उत्तम. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढतो, इन्व्हर्टरवाला हळूहळू वेग घेतो.

समजा, लेबलवर वर्षाला १५० युनिट लिहिलेत. म्हणजे दिवसाला साधारण ४१० वॅट-तास. आता जो हिशेब कुणी सांगत नाही, तो ऐका: घरातला इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच १५ वॅट घेत असेल, तर चोवीस तासांत ३६० वॅट-तास गेले. जवळपास दुसरा फ्रिजच! म्हणून इन्व्हर्टर घेताना तो भार नसताना किती वीज खातो, हे विचाराच. तो प्युअर साइन वेव्हचाच हवा, नाहीतर कॉम्प्रेसर तापतो.

आपल्याकडे सगळ्यांना भीती नवतपाची. तेव्हा फ्रिज जास्त चालतो, तापलेलं पॅनलही थोडी कमी वीज देतं, हे खरं. पण ऊन भरपूर असतं. खरी परीक्षा रोवणीच्या दिवसांत, आठवडाभर आभाळ भरून राहतं तेव्हा. त्या दिवसांसाठी भर उन्हाचे दोनच तास धरावेत. वरचे ७७० वॅट-तास आणि वाटेतली गळती जमेस धरली, तर फ्रिजपुरतेच सुमारे ५०० वॅटचे पॅनल लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरावी. म्हणजे हाती येतात ९०० वॅट-तास, जेमतेम एक दिवस.

यावर आरोग्य खात्याच्या शीतसाखळीकडून शिकण्यासारखं आहे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. त्यासाठी बॅटरीशिवाय, थेट सूर्यावर चालणारे फ्रिज निघाले आहेत. ते दिवसा बर्फ गोठवतात आणि रात्री त्या बर्फावर तग धरतात. वीज साठवण्यापेक्षा गारवा साठवणं स्वस्त पडतं. घरीही हे जमतं: पाऊण भरलेल्या पाण्याच्या बाटल्या दुपारी फ्रीजरमध्ये गोठू द्या, रात्री दार कमीत कमी उघडा. पिण्याचं गार पाणी माठावर सोपवा. फ्रिज चुलीपासून आणि तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीपासून लांब असू द्या, मागे हवा खेळू द्या.

शेतातल्या सौरपंपाचे पॅनल दिसतात म्हणून फ्रिज त्यांना थेट जोडू नका. तिथला डीसी व्होल्टेज अनेकदा शेकडोंत असतो.

राहिला १२ किंवा २४ व्होल्टवर थेट चालणारा डीसी फ्रिज. इन्व्हर्टरची ती सगळी गळती वाचते आणि वरच्याच हिशेबाने पॅनल पावणेतीनशे वॅटवर येतं. किंमत मात्र जास्त. घेण्याआधी गोंदिया-आमगावात त्याचा कंट्रोलर दुरुस्त करणारा कारागीर आहे का, याची चौकशी करा. नसेल, तर मी साधा डायरेक्ट कूलच घेईन.